पट्टी

ग्रिम्सबीला नोकरी लागली तेव्हा आयनं फोनवर विचारलं,
तिथं करतीस काय?
म्हटलं, माशांच्या खोक्यांना ओ द्यायला शिकवते.
ती हसली नाही.
मासं? म्हणाली. गडहिंग्लजची पोरगी तू.

मासं नव्हं गं, खोकी. निळी, प्लास्टिकची.
कडेच्या खाचेत बोटाएवढा टॅग,
त्यात मोहरीहून बारीक चिप आणि दोन्ही अंगांना
अ‍ॅल्युमिनियमची नागमोडी रेघ.
बॅटरी नाही. पदरचा आवाज नाही.
रीडर हाक मारतो, त्या हाकेतलंच
चिमूटभर बळ उचलायचं,
उरलेलं माघारी वळवून सांगायचं, मी आहे, ४४१७.

कोरडं खोकं नऊ मीटरवरून बोलायचं.
बर्फ पडला, हॅडॉक पडला, की मुकं.
पाणी सूर उतरवतं.
काळी चारला लावलेला तंबोरा
दमट हवेत पांढरी पाचवर यावा
आणि गाणारा मात्र कायद्यानं काळी चारला बांधलेला,
तसं काहीतरी.

मग मी, जिनं मासा कधी शिवला नव्हता,
ऑफिसच्या फ्रीजमध्ये सहा किलो हॅडॉक ठेवला.
वर चिठ्ठी: खाऊ नका, प्रयोग.
निळ्या फोमच्या सुळक्यांची ती खोली,
जिथून एकही लहर परतत नाही,
तिथून वास मात्र आठवडाभर हलला नाही.

तांब्याची पट्टी. मोजायला पोलादी पट्टी. ब्लेड.
चौथ्या दिवशी बोटाला तिसरी पट्टी.
चिपजवळ तांब्याची एक कमान होती,
तिच्या पोटात दुसरी, जरा लहान, बसवली.
आलेखावर एका सुळक्याशेजारी दुसरा उगवला.
मधली दरी बुजवता बुजवता
एकोणीस नमुने कचऱ्यात गेले.
अर्धा मिलिमीटर आत, पाव बाहेर,
रात्रभर कॉम्प्युटर गणित करत गुरगुरायचा,
सकाळी उत्तर तेच.
विसाव्याला दोन्ही सुळके खाली बसले.
पठार झालं.
कोरडं सहा मीटर, ओलं सहा मीटर,
बर्फात गळ्यापर्यंत, तरी साडेपाच.

हेल्म्सली साहेब म्हणाले, तीन मीटर घालवलेस.
घालवले. काय खोटं बोलू.

गोदीवर नॉर्मन ग्रेसवेल खोकी धुतो,
अडतीस वर्षं.
हातातल्या रीडरचा घोडा एकाच खोक्यावर
तीनदा दाबला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली:
तुझं हे बोलत नाही.
मी पडदा बघितला. ४४१७, तीनदा.
टॅग बोलला होता, रीडर पिपाणीसारखा वाजलाही होता.

बर्फ फोडायच्या यंत्रानं, लिलावाच्या आरोळ्यांनी
त्याच्या कानाच्या वरच्या पट्ट्या केव्हाच नेलेल्या.
हे त्यानंच सांगितलं, नळी बंद न करता.
आधी पाखरं गेली. मग किटलीची शिट्टी.
नातीचं बोलणं निम्मं येतं, निम्मं तो ओठांवरून भरतो.
खालचं सगळं येतं, म्हणाला,
लॉरी येते, बायको येते.

त्या संध्याकाळी मी रीडरच्या सेटिंगमध्ये शिरून
पिपाणीचा सूर दोन सप्तकं खाली आणला.
नऊ मिनिटं लागली.
अहवालात याला रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच. हंबरकडून धुकं.
खोक्यांची चळत, वितळतं पाणी बुटांवर.
नॉर्मननं घोडा दाबला.
घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा
असा आवाज आला.

आय, तो म्हणाला.
इथं होकाराला असंच म्हणतात, सहा महिने झाले ऐकतेय,
तरी मान वळायची ती वळलीच.

त्याचं लक्ष नव्हतं.
पुढचं खोकं उलटं पडलं होतं, तो वाकला.